मजुरी कोणाची, मालकी कोणाची?

२७ एप्रिल २०११ रोजी गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावी केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण असे दोघेही जातीने उपस्थित झाले. धरणाची कोनशिला बसवावयाची नव्हती की कारखान्याचे उद्घाटन करावयाचे नव्हते. गावाच्या ग्रामसभेला एक पुस्तक द्यावयाचे होते. बांबू तोडून जंगलाबाहेर न्यावयाचा तर सोबत वाहतुकीचा परवाना लागतो; त्या परवान्यांचे ते कोरे पुस्तक होते. तोवर असा परवाना फाडून देण्याचा अधिकार वनखात्याकडे होता. त्या दिवसापासून मेंढ्याच्या बांबूपुरता तो ग्रामसभेकडे आला.

एवढ्याशा पुस्तकासाठी दोन मंत्र्यांना शंभराच्या आसपास उंबरठ्यांच्या गावी का यावे लागले, हा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्याने स्वतःला विचारण्याजोगा आहे. १५ ऑगस्ट २००९ रोजी वनहक्क कायद्याखाली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्काचा अभिलेख मिळालेला होता. २००६ च्या त्या कायद्याने बांबूला स्पष्टपणे गौण वनोपज म्हटले आहे आणि गौण वनोपजाची मालकी गावाची ठरविली आहे. परंतु १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना वृक्षांत केलेली होती आणि वनखाते त्या जुन्या व्याख्येला चिकटून बसले. परिणामी दीड वर्षाहून अधिक काळ अशी स्थिती राहिली की बांबू गावाचा, परंतु विकण्याची मुभा नाही. मालक गाव, परंतु मालाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. दारिद्र्याचे सारे शास्त्र या एका प्रसंगात सामावलेले आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

एका लेखकाची पाहणी

मेंढ्याची ही हकीकत मराठी वाचकांपर्यंत पोचविण्याचे श्रेय बऱ्याच अंशी मिलिंद बोकील यांच्याकडे जाते. 'शाळा' या कादंबरीचे लेखक म्हणून ते सर्वपरिचित आहेत. पण ते समाजशास्त्राचेही अभ्यासक आहेत आणि कातकऱ्यांच्या विस्थापनावरील त्यांचा ग्रंथ अभ्यासकांना ठाऊक आहे. २०१२ साली त्यांचे 'गोष्ट मेंढा गावाची' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यानंतर चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावावर त्यांनी 'कहाणी पाचगावची' लिहिली. पूर्वी एकच असलेल्या आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी विभागल्या गेलेल्या या दोन वनजिल्ह्यांतील एकेका गावाचा वृत्तान्त असा मराठीत उपलब्ध झाला. एका ललित लेखकाने गावात जाऊन, माणसांशी बोलून, ग्रामसभा कशी चालते ते समजून घेऊन तो साध्या भाषेत मांडावा, ही गोष्ट लहान नाही.

अशी परंपरा मराठीला नवी नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो शेतकऱ्याचे घर, गोठा आणि कर्जखाते डोळ्यांनी पाहून. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे १९७० मधील पुस्तक वारल्यांच्या झोपडीत राहून घडलेल्या लढ्याचे पुस्तक आहे. अनिल अवचटांनी निपाणीच्या तंबाखू वखारींतील स्त्रियांपासून पुण्याच्या हमालांपर्यंत कष्टकऱ्यांची आयुष्ये त्यांच्या शेजारी बसून टिपली. इंग्लंडात हेच काम जॉर्ज ऑर्वेल यांनी केले. १९३६ च्या आरंभी ते उत्तर इंग्लंडातील विगन, बार्न्सली, शेफील्ड या खाणगावांत जाऊन राहिले, खाणीत वाकून चालले, बेकार खाणकामगाराच्या घरखर्चाचा आठवड्याचा हिशेब त्यांनी जसाच्या तसा छापला. १९३७ साली त्यांचे पुस्तक समाजवादी वाचकमंडळासाठी प्रसिद्ध झाले, तेव्हा प्रकाशक व्हिक्टर गोलान्झ यांना प्रस्तावना लिहून त्याच्या उत्तरार्धाशी मतभेद नोंदवावा लागला.

मतभेदाचे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. पूर्वार्धातील दारिद्र्याचे चित्र समाजवाद्यांना मान्यच होते. उत्तरार्धात ऑर्वेल यांनी उलट प्रश्न केला: समाजवाद जर इतका उघड न्यायाचा असेल, तर ज्यांच्यासाठी तो आहे ती माणसे समाजवाद्यांपासून दूर का राहतात? त्यांचे उत्तर सुखद नव्हते. पोथीतील श्रमिकावर प्रेम करणे सोपे, शेजारच्या श्रमिकाच्या घरी जेवणे कठीण, असा त्याचा मथितार्थ होता. चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात हाच प्रश्न विचारला तर उत्तर काय येते, हे पाहणे अगत्याचे आहे.

संपन्न जिल्हे, दरिद्री माणसे

गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. त्यातील दोन-तृतीयांशाहून अधिक भूमी वनाच्छादित आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १० लाख ७२ हजार भरली. त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८ टक्क्यांहून अधिक होते. साग, बांबू, तेंदू, मोह, लोहखनिज या साऱ्यांनी हा जिल्हा समृद्ध आहे. २००२ च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात मात्र राज्यातील ३५ जिल्ह्यांत त्याचा क्रमांक शेवटचा होता. शेजारच्या चंद्रपुरात कोळसा आहे, सिमेंटचे कारखाने आहेत, दुर्गापूरचे अवाढव्य औष्णिक वीजकेंद्र आहे. तिथून निघणारी वीज दूरच्या शहरांना जाते आणि राख चंद्रपूरकरांच्या अंगणात राहते.

अर्थशास्त्राने दारिद्र्य मोजण्याची रीत १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी रूढ केली. दिवसाला २२५० उष्मांक देणारा आहार ज्याला परवडत नाही तो दरिद्री, आणि १९६०-६१ च्या किमतींना ग्रामीण भागात त्यासाठी माणशी दरमहा १५ रुपये खर्च लागतो, असा तो हिशेब होता. त्या अभ्यासाने देशाला खडबडून जागे केले यात शंका नाही. रोजगार हमीसारख्या योजनेला जो बौद्धिक आधार लाभला त्यात त्याचा वाटा मोठा आहे. तथापि ही रीत गरीब किती आहेत हे सांगते. ते गरीब का आहेत हे सांगण्याचा तिचा दावा नाही. गडचिरोलीच्या बाबतीत 'का' हाच प्रश्न पहिला. जमीन कमी आणि माणसे फार, असे येथे नाही. निसर्ग कृपण आहे, असेही नाही. जंगलात राहणाऱ्या माणसाच्या श्रमातून संपत्ती निर्माण होते. पण त्या संपत्तीवर त्याचे नाव नसते, एवढाच काय तो फरक.

तेंदूपानाचे उदाहरण घ्यावे. मे महिन्यात उणेपुरे दोन-तीन आठवडे हा हंगाम चालतो. बाया-पुरुष पहाटे अंधारात जंगलात शिरतात, दुपारपर्यंत पाने तोडून घरी आणतात. मग म्हातारीकोतारी आणि शाळकरी मुले धरून सारे घर सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधत बसते. सायंकाळी फळीवर नेऊन ते मोजून द्यावयाचे. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. मोजताना शेकड्यामागे काही पुडे जादा घेण्याची वहिवाट वर्षानुवर्षे चालत आली. या मजुरीवर पावसाळ्यातील धानाचे बियाणे, मुलीचे लग्न, दवाखान्याचे देणे अवलंबून असते. जोखीम तर विचारूच नये. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. विडी ओढणाऱ्यास या पानामागे किती पहाटा आहेत याची कल्पना नसते. ऑर्वेल यांच्या काळच्या लंडनकरास शेगडीतील कोळशामागे खाणीतील किती माणसे वाकली आहेत याची कल्पना नव्हती, तसेच हे.

सरकारी मालकीचा अनुभव

येथे समाजवाद्यांनी आत्मपरीक्षण करावयास हवे. खाजगी मालकी हटवून राज्याची मालकी आणली की शोषण संपते, असे अनेकांनी दीर्घकाळ गृहीत धरले. चंद्रपूर-गडचिरोलीत या गृहीताची परीक्षा एकदा नव्हे, अनेकदा झालेली आहे.

मालगुजारी आणि जमीनदारी १९५१ साली संपुष्टात आली. जमीनदाराच्या जंगलात सरपण, बांबू, गुरचराई यांचे जे निस्तार हक्क रयतेला होते ते कागदोपत्री नोंदले गेले. पण जंगल मात्र गावाकडे न येता सरकारकडे गेले. जमीनदाराच्या शिपायाच्या जागी वनरक्षक आला. १९६९ साली महाराष्ट्राने गौण वनोपजाच्या व्यापाराचे नियमन करणारा कायदा केला आणि तेंदूपानाचा व्यापार राज्याच्या मक्तेदारीखाली घेतला. हेतू स्तुत्य होता. प्रत्यक्षात राज्याने जंगलाचे घटक पाडून ते निविदेने ठेकेदारांनाच विकले. फळीवरचा मुन्शी तोच राहिला. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू झालेली जंगल कामगार सहकारी संस्थांची कल्पना पुढे विदर्भातही आली; पण यातील कित्येक संस्था हळूहळू नावापुरत्या सहकारी उरल्या आणि कारभार लाकूड-व्यापाऱ्यांच्या हाती गेला. बांबूचे तर विचारावयासच नको. कागद गिरणीला दीर्घ मुदतीच्या करारांनी सवलतीच्या दराने बांबू मिळत राहिला. त्याच बांबूच्या टोपल्या-सुपे विणून पोट भरणाऱ्या बुरुडाला मात्र चार काठ्यांसाठी वनखात्याच्या दारी ताटकळत बसावे लागे.

कोळशाचीही गोष्ट फार वेगळी नाही. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाने खाणकामगाराला निश्चित वेतन, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना, वसाहत मिळाली. पूर्वीच्या खाणमालकांच्या काळाशी तुलना केली तर हे मोठे यश आहे आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण आज घुग्घुस, सास्ती, माजरी या भागांत उघड्या खाणींभोवती मातीचे जे डोंगर उभे आहेत ते उचलण्याचे काम प्रामुख्याने खाजगी ठेकेदारांच्या यंत्रांनी होते आणि त्यावरील मजुराला कायम कामगाराचे संरक्षण नाही. एकाच खाणीच्या कुंपणात दोन वर्ग निर्माण झाले आहेत. मालक सरकार, पण मजूर ठेकेदाराचा.

या अनुभवातून निष्पन्न होते ते असे की मालमत्तेवरील नाव बदलणे आणि निर्णयाचा अधिकार बदलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली आणि दुसरी झाली नाही, म्हणून राज्याच्या मालकीतही मजूर मजूरच राहिला.

१९८० नंतर सिरोंचा-अहेरीच्या जंगलात शिरलेल्या सशस्त्र गटांनी जे प्रश्न प्रथम हाती घेतले त्यांत तेंदूपानाची आणि बांबूतोडीची मजुरी होती, हेही विसरता येणार नाही. मजुरी वाढली, हे खरे. जे काम लोकशाही समाजवाद्यांनी करावयाचे ते त्यांनी केले नाही म्हणून ती पोकळी बंदुकीने भरली, हेही खरे. परंतु त्या मार्गाने ठेकेदारी संपली नाही. ठेकेदाराच्या नफ्यात आणखी एक वाटेकरी निर्माण झाला एवढेच. मधल्या मध्ये एका बाजूस खबऱ्या म्हणून आणि दुसऱ्या बाजूस साथीदार म्हणून आदिवासीच मारला गेला. मालकीचा प्रश्न या साऱ्या रक्तपातात होता तेथेच राहिला.

मोळीपासून अर्थशास्त्राकडे

समाजवादाच्या इतिहासात जंगलाचे स्थान किती जुने आहे हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. १८४२ साली, चोविसाव्या वर्षी, कार्ल मार्क्स यांनी ऱ्हाइन प्रांतातील एका वृत्तपत्रात लेख लिहिले. विषय होता प्रांतिक सभेतील लाकूडचोरीचा कायदा. जंगलात गळून पडलेल्या काटक्या गोळा करण्याचा गरिबांचा पिढ्यानपिढ्यांचा हक्क तेथे चोरी ठरविला जात होता. आपण आर्थिक प्रश्नांकडे प्रथम वळलो ते या आणि अशाच प्रश्नांमुळे, असे मार्क्स यांनीच १८५९ साली नमूद करून ठेवले आहे. म्हणजे भांडवलाच्या मीमांसेचा उगम कारखान्याच्या धुराड्याशी शोधण्याआधी सरपणाच्या मोळीशी शोधावयास हवा.

डोक्यावर मोळी घेऊन गावाकडे परतणारी गोंड किंवा माडिया स्त्री या मीमांसेच्या पहिल्या पानावर उभी आहे. १८७८ च्या आणि १९२७ च्या वन कायद्यांनी तिला संशयित ठरविले. २००६ च्या कायद्याच्या उद्देशिकेने वनवासी समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य केले. संसदेने स्वतःच्या राज्यव्यवस्थेविरुद्ध दिलेला असा कबुलीजबाब विरळाच. पण कबुलीने हक्क हाती येत नाही, हे मेंढ्याच्या दीड वर्षाच्या प्रतीक्षेने दाखवून दिले.

मेंढ्याने काय केले

मेंढ्याचा लढा कायद्यापासून सुरू झालेला नाही. १९८० च्या दशकातील 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलनातून तेथे विचारमंथन सुरू झाले. जयप्रकाशांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून आलेले मोहन हिराबाई हिरालाल गावाशी जोडले गेले. देवाजी तोफा हे गावातीलच नेतृत्व पुढे आले. गावाने सागाच्या लाकडाचे घोटुल उभारले, वनखात्याने ते पाडून लाकूड नेले आणि गावाने सत्याग्रह करून ते पुन्हा उभारले. 'मावा नाटे मावा राज', म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य, ही घोषणा अशा प्रसंगांतून रुजली.

या प्रयोगाची तीन अंगे समाजवाद्यांनी विशेष अभ्यासावीत. पहिले, अभ्यासगट. कोणताही निर्णय घेण्यापूर्वी गावातील स्त्री-पुरुष बसून तो विषय समजून घेतात. बाहेरचा जाणकार आला तर तो माहिती देतो, निर्णय देत नाही. दुसरे, सर्वसहमती. बहुमताने एकावन्नांनी एकोणपन्नासांवर निर्णय लादावयाचा नाही. एकाचेही मन वळेपर्यंत थांबावयाचे. दारूबंदीसारखा प्रश्न या पद्धतीने सोडवावयास वेळ लागला, पण झालेला निर्णय टिकला. तिसरे, ग्रामकोष. मजुरीतून आणि उत्पन्नातून दहावा हिस्सा गावाच्या निधीत टाकावयाचा, म्हणजे अडीनडीला सावकाराच्या उंबऱ्यावर जावे लागत नाही.

बांबू विक्रीचा अधिकार हाती आल्यावर ग्रामसभेने स्वतः निविदा काढली, तोडणीची मजुरी स्वतः ठरविली, हिशेब स्वतः ठेवला. पूर्वीचा तोडणी-मजूर आता विक्रेता झाला. आणि २०१३ साली मेंढ्याने त्याहून धाडसाचे पाऊल टाकले. विनोबांच्या चळवळीतून जन्मलेला आणि बहुतेकांच्या विस्मृतीत गेलेला १९६४ चा महाराष्ट्र ग्रामदान कायदा गावाने हाती घेतला आणि सर्व कुटुंबांनी आपापल्या शेतजमिनीची मालकी ग्रामसभेच्या नावे केली. कसण्याचा आणि वारशाचा हक्क कुटुंबाकडे राहतो. विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी काढला जातो. गावाबाहेरच्यास जमीन विकता येत नाही. सक्ती नाही, जप्ती नाही, तुरुंग नाही. उत्पादनसाधनांची सामाजिक मालकी असे ज्याला ग्रंथांत म्हटले जाते ते एका खेड्याने बैठक घालून, सह्या करून प्रत्यक्षात आणले.

पाचगावची कहाणी वेगळ्या रंगाची आहे. २०१२ साली सुमारे १००० हेक्टर जंगलावरील हक्क त्या गावाला मिळाला. गावाने बांबूवर भर दिला आणि एक आश्चर्यकारक निर्णय घेतला: तेंदूपानाची व्यापारी तोडणी बंद. कारण त्यासाठी झाडांची छाटणी होते आणि जंगलाला आगी लावल्या जातात. हाती येणारा पैसा गावाने स्वतःहून सोडला. मजुराला केवळ आजच्या मजुरीची चिंता असते, दूरदृष्टी राज्यालाच असते, असा जो समज नियोजनकारांत दृढ आहे त्याला याहून चोख उत्तर कोणते असू शकेल? मालकी आली की जबाबदारी येते. वनरक्षकाच्या काठीने जे जंगल वाचले नाही ते ग्रामसभेच्या नियमाने वाचू शकते.

आक्षेप आणि मर्यादा

यावर अनेक आक्षेप घेतले जातात आणि ते झटकून टाकणे योग्य होणार नाही. मेंढा हे अपवादात्मक गाव आहे, असे म्हटले जाते. गाव लहान, समाज एकजिनसी, नेतृत्व असामान्य. हे खरे आहे. परंतु गडचिरोली जिल्ह्यात आज हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. अपवादाची वाट एकदा मळली की तो अपवाद राहत नाही. मात्र हक्काचा कागद मिळालेल्या प्रत्येक गावी ग्रामसभा जिवंत आहे असे मानणे ही फसवणूक ठरेल. कित्येक ठिकाणी ग्रामसभेच्या नावावर जुनाच ठेकेदार लिलाव जिंकतो आणि ठरलेली रक्कम थकवितो. खेळते भांडवल, गोदाम, वाहतूक, बाजारभावाची माहिती ही सारी त्याच्या हाती. गावाच्या हाती केवळ हक्क. २०१७ साली तेंदूपानावर १८ टक्के वस्तू व सेवा कर बसला. तो ५ टक्क्यांवर यावयास २०२५ साल उजाडले. अशा एका निर्णयाचा भार ठेकेदार अखेर खाली, पाने तोडणाऱ्यावरच ढकलतो. तात्पर्य, उत्पादनाची मालकी गावाकडे आणि बाजाराची सत्ता इतरत्र, अशी अर्धी क्रांती पुन्हा दारिद्र्याकडेच नेईल. ग्रामसभांचे महासंघ, त्यांचा स्वतःचा अर्थपुरवठा आणि प्रक्रिया उद्योग यांवाचून पुढची पायरी नाही.

दुसरा आक्षेप असा की गावाच्या मालकीचे हे तत्त्व बांबूला लागू पडेल, कोळशाला आणि लोखंडाला कसे पडणार? एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज ग्रामसभा कुदळीने काढणार नाही, हे उघड आहे. परंतु डोंगर फोडावयाचा की नाही, किती, कोणत्या अटींवर, हे ठरविताना त्या डोंगराला देव मानणाऱ्या गावांचे म्हणणे निर्णायक असावे, एवढे तरी समाजवाद्याने निःसंदिग्धपणे म्हणावयास हवे. २००९ च्या केंद्रीय परिपत्रकाने वनजमीन वळविण्यापूर्वी ग्रामसभेच्या संमतीची अट घातली होती. २०२२ च्या नियमांनी केंद्राची मंजुरी आधी आणि वनहक्कांची पूर्तता नंतर, असा क्रम होऊ दिला. हा बदल तांत्रिक भासतो. त्याचा अर्थ मात्र एवढाच की वरात निघाल्यावर वधूला विचारावयाचे. ज्या खाणी सार्वजनिक मालकीच्या आहेत तेथे ठेकेदारी मजुराला समान कामास समान वेतन आणि व्यवस्थापनात कामगाराला वाटा, ही जुनी मागणी आजही शिळी झालेली नाही.

तिसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. गाव म्हटले की सारे समान, असे मानण्याची चूक सर्वोदयी मंडळींकडून पुष्कळदा झाली. गावातही वरचा-खालचा असतो. स्त्री ग्रामसभेत बसते पण बोलते का, हे पाहावे लागते. आदिवासींच्या शेजारी राहणारा भूमिहीन दलित, बुरूड, ढिवर यांचा जंगलावर आणि तळ्यावर किती हक्क, हे विचारावे लागते. फुले-आंबेडकरांचा प्रश्न ग्रामसभेच्या दाराबाहेर ठेवून ग्रामस्वराज्य येणार नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम

ऑर्वेल यांच्या टीकेचा रोख ज्यांच्यावर होता त्यांचे भाईबंद येथेही आहेत. नागपूर-मुंबईच्या शिबिरांत आदिवासींवर ठराव करावयाचा, मोर्च्याला माणसे आणावयाची आणि निवडणूक संपली की धानोरा-कोरचीची वाट विसरावयाची, ही सवय समाजवादी चळवळीला महागात पडली आहे. ज्या प्रदेशात चळवळीचे काम पक्के हवे होते तेथे एका बाजूस ठेकेदार आणि दुसऱ्या बाजूस बंदूक वाढली, याची काही जबाबदारी चळवळीकडेही येते.

बोकीलांच्या पाहणीपासून घ्यावयाचा धडा मुख्यतः पद्धतीचा आहे. घोषणा घेऊन गावात जाण्यापूर्वी प्रश्न घेऊन जावे. प्रत्येक कार्यकर्त्याने एक गाव निवडावे आणि त्याचा हिशेब मांडावा. गेल्या हंगामात किती पाने, किती बांबू, किती मोह बाहेर गेला? तोडणाऱ्याला काय मिळाले, ठेकेदाराने काय दराने विकले? सामूहिक हक्काचा कागद आहे काय, असल्यास कोणाच्या पेटीत? ग्रामसभा अखेरची कधी भरली, तीत स्त्रिया किती होत्या आणि बोलल्या किती? खाणीत जाणाऱ्या तरुणाचे नाव हजेरीपटावर कोणाच्या खाती आहे? या प्रश्नांची उत्तरे लिहून आणणारा कार्यकर्ता दहा ठरावांपेक्षा चळवळीला अधिक देईल. ही उत्तरे गावानेच गोळा केली, तर ती पाहणी न राहता लढ्याची पूर्वतयारी होईल. मेंढ्याचा अभ्यासगट म्हणजे दुसरे काय आहे?

डॉ. लोहियांनी कार्यकर्त्याला तीन साधने सांगितली होती: फावडे, मतपेटी आणि तुरुंग. रचना, निवडणूक आणि सत्याग्रह यांची ती सांगड होती. मेंढ्याने फावडे चालविले, सत्याग्रह केला आणि ग्रामसभेच्या रूपाने मतपेटीहून जिवंत अशी लोकशाही उभी केली. तेथे चौथेही एक साधन दिसते, ते म्हणजे हिशेबाची वही. आपल्या श्रमाचे मोल काय आणि ते कोठे गेले, हे ज्या दिवशी मजूर स्वतःच्या हाताने लिहू लागतो, त्या दिवशी मंत्र्याने येऊन परवान्याचे पुस्तक दिले काय आणि न दिले काय, त्याची वाट अडविणे कोणालाही सोपे राहत नाही.